पट्ट्यावर तिसरं कोणी होतं का?

चामड्याचा पट्टा, रुंदी साडेतीन सेंटिमीटर, धातूचं बक्कल, पाच भोकं. पट्टा मृताचाच, आणि त्यानेच त्यांचा गळा आवळलेला. घरात तिघं राहायचे: मृत गृहस्थ, त्यांची पत्नी आणि तिशीतला मुलगा. पत्नीने आधी पाहिलं आणि तिनेच पट्टा सैल केला, ही गोष्ट तिच्या जबाबातही होती आणि घटनास्थळाच्या पहिल्या नोंदीतही. संशय मुलावर. मुद्देमालासोबत आमच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आलेल्या पत्रात एकच प्रश्न होता: ‘पट्ट्यावर मुलाचा डीएनए आहे का?’

वाचायला इतका साधा प्रश्न. पण याहून अवघड प्रश्न आमच्या टेबलावर क्वचितच येतो. डीएनएची सगळी ताकद अनोळखी माणसांना एकमेकांपासून वेगळं करण्यात आहे. इथे वेगळं करायचं होतं ते बाप, आई आणि त्यांच्या मुलाला. अहवाल जाऊन बराच काळ लोटला, तरी हे प्रकरण मला सोडत नाही. म्हणून ते सविस्तर लिहितोय.

आधी पट्टा. बक्कल आणि भोकांचा भाग रोज हाताळला जातो, त्यामुळे तिथे मालकाचा डीएनए इतका असतो की बाकी कोणी असलं तरी त्याखाली दबतं. गळा आवळणारा माणूस मात्र बक्कल धरत नाही, पट्ट्याला दोन ठिकाणी घट्ट पकड घेतो. ती ठिकाणं शोधणं हे पहिलं काम. तिरपा प्रकाश टाकून स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली पाहिलं तेव्हा दोन जागी चामड्याचा वरचा थर आडवा तडकलेला दिसला. तडे ताजे होते, आतला तंतू फिका आणि मळ न बसलेला. तिथे पट्टा हाताभोवती वळवलेला असावा. म्हणून पाच भाग आखले: बक्कल, भोकं, गळ्याला लागलेला मध्यभाग, पकड एक, पकड दोन. प्रत्येक भागाचा नमुना वेगळा. जास्त डीएनए मिळावा म्हणून अख्खी वस्तू एकाच स्वॅबने पुसायची पद्धत अजून अनेक ठिकाणी चालते. त्याने डीएनए वाढतो खरा, पण मिश्रणातली माणसंही वाढतात, आणि कोणाचा हात कुठे होता ही माहिती कायमची जाते.

गुळगुळीत बाजूला ओला आणि मग कोरडा, असे दोन स्वॅब. पहिला स्वॅब भिजवायला ५० मायक्रोलिटर निर्जंतुक पाणी पुरतं. त्याहून जास्त झालं की चामडं पाणी पितं आणि पाण्यासोबत पेशीही आत ओढतं. खरखरीत आतल्या बाजूला स्वॅब निरुपयोगी, तो नुसते तंतू उभे करतो. तिथे छोटी चिकटपट्टी तिचा चिकटपणा संपेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबून उचलावी लागते. न वापरलेला स्वॅब आणि न वापरलेली चिकटपट्टी कोरा नमुना म्हणून सोबत पुढे जाते, शिवाय एक्सट्रॅक्शनचा, म्हणजे पेशींतून डीएनए वेगळा काढण्याच्या टप्प्याचा, कोरा नमुना वेगळा. कोऱ्या नमुन्यात काही उगवलं तर पुढचं काहीच धरायचं नाही.

चामड्यात जनावराचा डीएनए असतो, मग तो आड येत नाही का, असं न्यायालयात हमखास विचारतात. येत नाही. आपले प्रायमर, म्हणजे डीएनएची नक्कल जिथून सुरू होते ते छोटे तुकडे, माणसाच्या आणि जवळच्या वानरांच्याच डीएनएवर बसतात. त्रास होतो तो कमावण्याच्या रसायनांचा आणि रंगाचा. टॅनिन आणि रंगद्रव्यं अर्कासोबत येतात आणि पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या नकला काढण्याच्या प्रक्रियेच्या, एन्झाइमला अडवतात. सिलिका लावलेल्या चुंबकीय मण्यांवर डीएनए धरून नीट धुतला तर बराचसा अडथळा निघून जातो. तरीही ‘पकड दोन’मध्ये तो थोडा राहिलाच. क्वांटिफिकेशनच्या, म्हणजे डीएनए मोजण्याच्या, प्रत्येक नळीत एक ठरावीक कृत्रिम डीएनए आधीच घातलेला असतो, तो नेहमीपेक्षा उशिरा वर आला, त्यावरून कळलं. मणी पुन्हा एकदा धुऊन घेतले, मग तो वेळेवर आला.

त्या भागाचे आकडे असे: अर्क ५० मायक्रोलिटर. लहान तुकड्यावरून मोजलेला डीएनए मायक्रोलिटरला ०.०३२ नॅनोग्रॅम, मोठ्या तुकड्यावरून ०.०११, आणि पुरुषाचा, म्हणजे वाय गुणसूत्रावरून मोजलेला, ०.०२१. लहान भागिले मोठा म्हणजे २.९, हा ऱ्हासाचा निर्देशांक. ताज्या, धड डीएनएत तो १ च्या आसपास असतो. २.९ म्हणजे लांब तुकडे मोडलेत, लांब मार्कर (मार्कर म्हणजे माणसागणिक लांबी बदलणाऱ्या, आपण तपासतो त्या ठरावीक जागा) हातचे जाणार. पुरुषाचा वाटा साधारण दोन तृतीयांश. पीसीआरमध्ये जास्तीत जास्त १५ मायक्रोलिटर अर्क घालता येतो, म्हणजे ४८० पिकोग्रॅम. माणसाच्या एका पेशीत साधारण ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो, तेव्हा अख्ख्या नळीत सत्तर-बहात्तर पेशींचाच ऐवज. त्यात तिसऱ्या कोणाचा वाटा १५ टक्के धरला तर त्याच्या वाट्याला दहा-अकरा पेशी येतात. इतक्या कमी पेशींत कोणता अ‍ॅलील (मार्करचा आई किंवा बापाकडून आलेला एकेक प्रकार) पीसीआरच्या पहिल्या काही चक्रांत किती वेळा नकलला जातो हे नशिबावर असतं. एकाच माणसाचे दोन अ‍ॅलील, खरं तर समान असायला हवेत, एक दुसऱ्याच्या दुप्पट निघू शकतो, एखादा पूर्ण गळू शकतो. हे सगळं पुढे नडणार होतं.

मुलाच्या गालातून घेतलेल्या नमुन्याचं प्रोफाइल, म्हणजे त्याच्या सगळ्या अ‍ॅलीलांची यादी, तयार होतं, पण ते मी पाहिलं नाही. मिश्रण वाचून, किती माणसं वाटतात ते लिहून, सही करून झाल्याशिवाय संशयिताचं प्रोफाइल उघडायचं नाही, हा नियम मी कडक पाळतो. २०११ मध्ये ड्रॉर आणि हॅम्पिकियन यांनी एका खऱ्या खटल्यातलं मिश्रण सतरा तज्ज्ञांना खटल्याची माहिती न देता वाचायला दिलं. मूळ प्रयोगशाळेने संशयिताला वगळता येत नाही म्हटलं होतं. या सतरांतल्या बारांनी त्याला वगळलं, चौघांनी निष्कर्ष निघत नाही म्हटलं, मूळ मताशी एकच जण सहमत झाला. माणूस हुशार असला तरी उत्तर माहीत असताना प्रश्न वाचला की त्याला उत्तरच दिसतं. आमच्याकडे आलेल्या पत्रात तर मुलाच्या वागण्याबद्दल एक पूर्ण परिच्छेद होता. तो प्रयोगशाळेत यायलाच नको. तो तज्ज्ञापर्यंत पोचू न देणारा माणूस मध्ये असायला हवा, आणि बहुतेक ठिकाणी तो नसतो.

आई-वडिलांची प्रोफाइलं मात्र आधी वापरणं योग्य होतं. पट्टा वडिलांचा आणि सैल केला आईने, याबद्दल वाद नव्हता.

मिश्रणात २१ ऑटोसोमल, म्हणजे लिंग न ठरवणाऱ्या गुणसूत्रांवरचे, मार्कर. त्यातला एसई३३ हा सगळ्यांत वैविध्यपूर्ण, आणि नेमका लांबसुद्धा, तो ऱ्हासात जवळजवळ गेला. उरलेल्या कुठल्याही मार्करवर चारपेक्षा जास्त अ‍ॅलील नव्हते. एका माणसाचे दोन, म्हणून चार अ‍ॅलील म्हणजे दोन माणसं: हा जुना हिशोब करून दुसऱ्या वाचकाने ‘योगदान देणारे दोन’ असं लिहून टाकलं. अनोळखी माणसांच्या मिश्रणातही हा हिशोब अनेकदा चुकतो, आणि कुटुंबात तर तो पूर्ण कुचकामी आहे. एका मार्करवर वडील १४ आणि १७, आई १५ आणि १९ असेल (हे आकडे म्हणजे डीएनएचा छोटा तुकडा, रिपीट, तिथे किती वेळा आलाय ते) तर मुलगा १४-१५, १४-१९, १७-१५ किंवा १७-१९ यांपैकी एक असणार. पाचवा अ‍ॅलील तो आणणार कुठून? आई, बाप आणि त्यांची दहा मुलं एका पट्ट्यावर असली, तरी उत्परिवर्तन सोडल्यास चारांच्या पुढे आकडा जाणार नाही.

यावर लोक लगेच म्हणतात, मग वाय-एसटीआर, म्हणजे वाय गुणसूत्रावरच्या मार्करांची चाचणी, करा. मुलाचा वाय बापाकडून येतो, दोघांचा सारखाच. मग मायटोकॉन्ड्रियल डीएनए? तो आईकडून येतो, मुलाचा आणि आईचा सारखाच. मग नवं सीक्वेन्सिंग? ते खरोखर मोठं पाऊल आहे. लांबी सारखी पण आतला अक्षरक्रम वेगळा असे अ‍ॅलील त्यात सुटे होतात, डी१२एस३९१ किंवा डी२१एस११ सारख्या मार्करांवर तर पुष्कळ. अनोळखी माणसांच्या मिश्रणात मला त्याचा फार उपयोग झालाय. पण मुलाने बापाकडून अ‍ॅलील घेतला तो अक्षरक्रमासकट घेतला. इथे तेही आंधळं. तीन वेगवेगळी साधनं, आणि तिन्ही एकाच कारणाने निकामी. अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये लेस्टरला डीएनए फिंगरप्रिंटिंग शोधलं, त्यानंतर त्याचा पहिला प्रत्यक्ष उपयोग झाला तो १९८५ च्या एका स्थलांतर प्रकरणात, एक मुलगा एका बाईचाच मुलगा आहे हे दाखवण्यासाठी. नातं सिद्ध करणारा तोच गुणधर्म आमच्या प्रकरणात नात्यातली माणसं वेगळी करू देत नव्हता.

उरली फक्त पीकची, म्हणजे आलेखात प्रत्येक अ‍ॅलीलच्या जागी उठणाऱ्या शिखराची, उंची.

मुलाचा डीएनए मिश्रणात असेल तर आई-बापाचे जे अ‍ॅलील त्याला मिळालेत ते थोडे उंचावलेले दिसायला हवेत, आणि जे त्याला मिळाले नाहीत ते जसेच्या तसे. वरच्या उदाहरणात मुलगा १४-१९ असेल तर १४ हा १७ पेक्षा आणि १९ हा १५ पेक्षा उंच. एका मार्करवर असं दिसलं तर त्याला काडीची किंमत नाही, इतक्या कमी डीएनएत उंच-सखलपणा असतोच. पण तो असतो कुठल्याही दिशेने. सगळ्या मार्करांवर तोल एकाच दिशेला, मुलाला मिळालेल्या अ‍ॅलीलकडे, झुकला तर त्याला काही अर्थ आहे.

आई आणि वडील मिळून चार वेगवेगळे अ‍ॅलील असलेले नऊ मार्कर होते. एसई३३ सोडला तर आठ. प्रत्येकावर दोन तुलना, एक वडिलांच्या जोडीत, एक आईच्या. एकूण सोळा. वाचन नोंदवून झाल्यावर मुलाचं प्रोफाइल उघडलं आणि मोजलं: सोळांपैकी बारा ठिकाणी मुलाला मिळालेला अ‍ॅलील उंच. नाणेफेक असती तर सोळांत बारा किंवा जास्त छापा येण्याची शक्यता चार टक्क्यांहून थोडी कमी, म्हणजे सव्विसांत एकदा. लक्ष वेधून घेईल इतकी, पण कोणाला तुरुंगात पाठवायला अजिबात पुरेशी नाही. शिवाय हे निखळ नाणंही नाही. ऱ्हास झालेल्या डीएनएत लहान अ‍ॅलील मोठ्यापेक्षा चांगला वाढतो. बारांपैकी सात ठिकाणी मुलाला मिळालेला अ‍ॅलील जोडीतला लहान होता. मग तपास म्हणून मुलीचं प्रोफाइल तसंच लावून पाहिलं. ती वेगळी राहते, पण घटनेनंतर घरात आली होती म्हणून वगळण्यासाठी तिचाही नमुना घेतला होता. तिच्यासाठी सोळांपैकी नऊ. भावंडांचे निम्मे अ‍ॅलील सरासरीने सारखे असतात, सारखे असतील ते बहिणीचा आकडा वर ओढतात, वेगळे असतील ते तितकाच खाली, त्यामुळे भाऊ मिश्रणात असला काय नि नसला काय, तिचा आकडा सरासरीने आठच्या आसपासच राहतो. म्हणजे हे नऊ कुठल्याच बाजूने बोलत नाहीत.

दुसरा पीसीआर उरलेल्या अर्कातून लावला. त्यात सोळांपैकी दहा.

मध्येच एक चकवा होता, तो सांगायला हवा. पहिल्या धावेत तीन ठिकाणी आई किंवा वडील दोघांचेही नसलेले छोटे पीक होते, आमच्या ८० आरएफयूच्या (पीकची उंची मोजायचं एकक) मर्यादेच्या जरा वर. तिन्ही शेजारच्या मोठ्या पीकपेक्षा बरोबर एक रिपीट लहान. पीसीआरमध्ये पॉलिमरेज हे नकला काढणारं एन्झाइम घसरतं आणि असा स्टटर तयार होतो, एरवी मूळ पीकच्या ५ ते १५ टक्के. हे तीन सोळा-सतरा टक्क्यांवर होते. हे पाहून तपास पथकाच्या बाजूने आलेल्या सल्लागाराने ‘बघा, तिसरा माणूस’ असं म्हटलं. पण आई-बापाकडे नसलेला अ‍ॅलील मुलाकडेही नसतो! ते पीक खरे असते तर उलट चौथ्याच कोणाकडे बोट गेलं असतं. दुसऱ्या धावेत तीनपैकी दोन गायब झाले आणि तिसरा स्टटरच्या नेहमीच्या मर्यादेत बसला. कमी डीएनएत स्टटर कधीकधी फुगतो, एवढाच त्याचा अर्थ.

मग सॉफ्टवेअर. उंचीचा विचार हाताने मोजण्यापेक्षा कितीतरी नीट करणारी संभाव्यता-आधारित सॉफ्टवेअरं आता आहेत: एसटीआरमिक्स, ट्रूअ‍ॅलील, युरोफॉरमिक्स. ऱ्हास, गळती, स्टटर, अ‍ॅलीलांचा असमतोल, सगळं एकत्र धरून ती एक गुणोत्तर देतात: एका बाजूचं म्हणणं खरं मानलं तर हे मिश्रण दिसण्याची शक्यता, भागिले दुसऱ्या बाजूचं म्हणणं खरं मानलं तर तेच मिश्रण दिसण्याची शक्यता. गेल्या पंधरा-वीस वर्षांतली ही आमच्या क्षेत्रातली सगळ्यांत मोलाची प्रगती, असं माझं ठाम मत आहे. पण भाजकात काय ठेवायचं हे सॉफ्टवेअर ठरवत नाही, ते आम्ही ठरवतो.

पहिल्यांदा नेहमीचीच मांडणी केली. वर वडील, आई आणि मुलगा. खाली वडील, आई आणि कुणीतरी नात्याबाहेरचा अनोळखी. गुणोत्तर काही हजारांत गेलं. एवढाच आकडा अहवालात गेला असता तर वाचणाऱ्याने मुलगा दोषी म्हणून पान उलटलं असतं. हा आकडा फुगतो कसा ते पाहा. तिसरा माणूस आहे असं मॉडेलला आपणच सांगितलं. तो अनोळखी असता तर त्याचे काही अ‍ॅलील आई-बापाच्या अ‍ॅलीलांबाहेर उघडे पडायला हवे होते. ते पडले नाहीत. मुलाचे पडूच शकत नाहीत. त्यामुळे मुलाचं पारडं जड. यात मुलाने पट्टा धरल्याचा पुरावा थोडा आणि तो या जोडप्याचा मुलगा असल्याचा पुरावा जास्त, आणि तो तर जन्मदाखल्यावरही आहे.

म्हणून दुसरी मांडणी: खाली अनोळखीऐवजी त्याच आई-बापाचं दुसरं मूल. आकडा एक अंकी झाला. तिसरी मांडणी: खाली फक्त आई आणि वडील, तिसरं कोणी नाहीच. आकडा २ च्याही खाली आला. म्हणजे मिश्रणात मुलगा आहे आणि मिश्रणात तिसरं कोणीच नाही, ही दोन्ही म्हणणी या पुराव्याला जवळजवळ सारखीच मानवतात. बचाव पक्षाचं म्हणणं नेमकं हेच तिसरं होतं: ‘मी पट्ट्याला हातच लावला नाही.’ मग गुणोत्तर त्याच म्हणण्याशी काढायला हवं. माणसांची संख्या आधी ठोकून बसवायची आणि मग हजारांचा आकडा छापायचा, हे कुटुंबातल्या प्रकरणात अन्यायाचं आहे, आणि मी हे बैठकीत याच शब्दांत सांगितलं.

तपास अधिकाऱ्याला ‘मुलाला वगळता येत नाही’ एवढं वाक्य हवं होतं. तो म्हणाला, ‘साहेब, खोटं तर नाही ना ते?’ खोटं नाही. पण त्या आठ मार्करांवर प्रत्येकी चार शक्य जोड्या, अशी ६५,५३६ प्रोफाइलं होतात, आणि त्यांतलं एकही वगळता येत नाही. या जोडप्याला होऊ शकणारं प्रत्येक मूल त्यात आलं. जे वाक्य जन्माला न आलेल्या माणसालाही तितकंच लागू पडतं, ते पुरावा म्हणून छापायचं नाही. अधिकारी वाईट नव्हता, मेहनती होता. आमच्या क्षेत्रानेच वर्षानुवर्षं अशी वाक्यं देऊन त्याला ती सवय लावली आहे.

अखेर अहवालात तिन्ही मांडण्या आणि तिन्ही आकडे गेले, आणि खाली स्पष्ट मत: वडील आणि आई यांच्या योगदानाला अत्यंत भक्कम आधार, मुलाबाबत हे मिश्रण कुठल्याच बाजूला उपयोगी भर घालत नाही. पहिला आकडा गाळावा, गोंधळ होतो, असं एका वरिष्ठांचं म्हणणं होतं. मला ते पटलं नाही. गाळलेला आकडा उद्या दुसरी प्रयोगशाळा काढेल आणि एकटाच छापेल. तो तिघांतला एक म्हणून, कारणासकट छापलेला बरा.

आता समजा, मुलाचा डीएनए निर्विवाद मिळाला असता. तरी काय? तो त्याच घरात राहतो. घटनेनंतर तो आईला धरून होता, वडिलांच्या खांद्याला त्याने हात लावला. आईच्या हातांवरून त्याचा डीएनए पट्ट्यावर येऊ शकतो, आणि तिने त्याच पकडीच्या जागी पट्टा ओढून सैल केला असणं अगदी शक्य आहे. एकाच कपाटातल्या, एकाच टोपलीतल्या कपड्यांवरून येऊ शकतो. डीएनए कोणाचा हा एक प्रश्न, आणि तो तिथे कसा आला हा दुसरा. आंतरराष्ट्रीय न्यायवैद्यक आनुवंशिकी संस्थेच्या डीएनए आयोगाने २०१८ आणि २०२० मध्ये या दोन पातळ्या वेगळ्या ठेवून मत कसं द्यावं याच्या शिफारशी केल्या. दुसऱ्या पातळीवर मत देता येतं, पण त्याला आकडे लागतात: असा डीएनए एरवी अशा वस्तूवर किती वेळा आणि किती सापडतो.

ते आकडे याच घरात पडले होते. मृताचे आणखी दोन पट्टे कपाटात होते, घटनास्थळाच्या छायाचित्रात टांगलेले दिसतात. ते तुलनेसाठी मागवावेत असं मी पहिल्या आठवड्यातच लेखी कळवलं होतं. त्यांवरही मधल्या भागात मुलाचा डीएनए असता, किंवा असल्यासारखी तीच झुकती उंची दिसली असती, तर या पट्ट्यावरच्या खुणेची किंमत तिथेच कळली असती. नसता, तर तेही कळलं असतं. पत्र पोचेपर्यंत घराचा ताबा परत दिला गेला होता आणि सामान हललं होतं. घटनास्थळावर गुन्ह्यातली वस्तू जशी उचलतात तशी तिची निर्दोष भावंडंही उचलायला हवीत, आणि मुद्देमालाच्या यादीत त्यासाठी रकाना हवा. हा रकाना मी अजून कुठल्याही फॉर्मवर पाहिलेला नाही.

नखांचंही तसंच. गळा आवळला जात असताना माणूस पट्ट्याला नाहीतर हल्लेखोराच्या हातांना ओरबाडतो. दोन्ही हातांची नखं एकाच पाकिटात आली. प्रत्येक हाताचं पाकीट वेगळं असतं, आणि प्रत्येक नखाच्या आतली बाजू वेगळ्या स्वॅबने घेता आली असती, तर निदान कुठे शोधायचं ते कळलं असतं. एकत्र नखांतून मिळालं ते मृताचंच संपूर्ण, एकट्याचं प्रोफाइल, आणि चामड्याच्या रंगाचे कण.

एक वाट मात्र उघडी आहे. वाय गुणसूत्रावर काही मार्कर असे आहेत की ते पिढीला एक टक्क्याहून जास्त दराने बदलतात, नेहमीच्या मार्करांपेक्षा कितीतरी वेगाने. अशा झपाट्याने बदलणाऱ्या तेरा मार्करांचा संच लावला तर साधारण चारांतल्या एका बाप-लेकाच्या जोडीत कुठेतरी फरक सापडतो. आमच्या नेहमीच्या २७ मार्करांच्या वाय किटमध्ये यांतले काही आहेतच, त्यांवर दोघं सारखे निघाले होते. उरलेले मार्कर मी दोघांच्या संदर्भ नमुन्यांवर लावून घेतले. क्रम असाच हवा: आधी रक्त आणि गालाचे स्वॅब, जे हवे तितके आहेत, आणि तिथे फरक दिसला तरच पुराव्याच्या अर्काला हात. फरक नसेल तर शेवटचा थेंब वाया घालवण्यात अर्थ नाही.

फरक निघाला. एका चार अक्षरी रिपीटच्या मार्करवर मुलगा वडिलांपेक्षा एका रिपीटने लांब. यात एक भाग अनुकूल आहे. तो एका रिपीटने लहान असता तर त्याचा पीक वडिलांच्या स्टटरखाली नाहीसा झाला असता. लांबच्या बाजूचा स्टटर फार छोटा असतो, एक-तीन टक्क्यांचा, त्यामुळे पंधरा टक्क्यांचा मुलगा तिथे वेगळा दिसायला हवा. आणि आईचा डीएनए वाय चाचणीत दिसतच नाही, ती पूर्ण बाजूला होते. प्रतिकूल भाग असा की उरलाय फक्त १६ मायक्रोलिटर अर्क, त्यात पुरुषाचा डीएनए ०.३४ नॅनोग्रॅम. त्यातल्या १५ टक्क्यांचा पीक ८० च्या मर्यादेला घासूनच असणार. दिसला तर तो मुलाचा म्हणायला एकच मार्कर आधाराला. नाही दिसला तर ‘नव्हता’ म्हणता येणार नाही, गळला असेल. धाव एकच होईल, आणि नंतर बचाव पक्षाला स्वतंत्र तपासणीसाठी काहीही उरणार नाही.

त्या संचाचं मिश्रणांवरचं प्रमाणीकरण आमच्याकडे अजून पूर्ण नाही. माझं म्हणणं मी लेखी दिलंय: आधी तेच करा. ज्ञात बाप-लेकांच्या डीएनएचं ८५-१५ मिश्रण, ऱ्हास २.९ च्या आसपास, एकूण पुरुष डीएनए ०.३४ नॅनोग्रॅम, आणि अशा पुरेशा धावांत मुलाचा पीक किती वेळा दिसतो ते मोजा. निम्म्याहून कमी वेळा दिसत असेल तर अर्क खर्चू नका, अधिक संवेदनशील पद्धत येईपर्यंत तो तसाच ठेवा. जास्त वेळा दिसत असेल तर दोन्ही पक्षांना बोलावा, त्यांच्या तज्ज्ञासमोर धाव लावा, आणि पीक दिसला तर काय म्हणायचं नि नाही दिसला तर काय म्हणायचं, हे धाव लावण्याआधी लिहून दोघांच्या सह्या घ्या. न्यायालयाची परवानगी मागणारा मसुदा त्या लेखी म्हणण्यासोबत जोडला आहे. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.